चाकामागची चकती

मोटारीचे चाक ज्या लोखंडी तोंडावर बसते त्याला गॅरेजवाले हब म्हणतात. हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची एक जाड चकती बसवता येते. तिला म्हणतात स्पेसर. ती बसवली की चाक बोटभर बाहेर येते. एवढेच. गाडी जास्त पळत नाही, पेट्रोल कमी पीत नाही, आत एक माणूस जास्त मावत नाही. फक्त उभी राहिली की अशी दिसते, जणू कोणीतरी पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून विचारतेय, "बोला, काय काम आहे?"

ही चकती थोरल्या जावयांच्या गाडीत बसली ती पुष्कळ नंतर. आधी ती त्यांच्या डोक्यात बसली, आणि तिथून ती काही केल्या सैल होईना.

थोरले जावई पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढत. जमिनीखालचे नळ कागदावर निळ्या शाईने काढायचे आणि ते निळे आहेत असे सर्वांनी मानायचे, हे त्यांचे काम. त्यांचे सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. सासऱ्यांना दोन मुली, म्हणून जावई दोन. धाकट्या जावयांचा खिडक्या बसवून देण्याचा धंदा होता. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. थोरल्यांनी आधी घेतली होती, आणि हे ते कोणी न विचारता सांगत. धाकट्यांनी तीच गाडी घेतली तेव्हा थोरल्यांना गुदगुल्या झाल्या होत्या. "आपलं बघून लोक घेतात," असे ते कार्यालयात म्हणालेही होते.

ते सुख फार दिवस टिकले नाही. एका रविवारी दोन्ही गाड्या सासऱ्यांच्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या होत्या. सासरे काठी टेकत बाहेर आले, धाकट्यांच्या गाडीच्या टायरवर त्यांनी काठीने दोनदा टकटक केले आणि म्हणाले, "वा! गाडी कशी जागा धरून उभी आहे."

मग त्यांचे लक्ष थोरल्यांच्या गाडीकडे गेले. म्हातारा माणूस सभ्य. म्हणाले, "हीसुद्धा बरी आहे."

थोरल्यांनी ते दोन शब्द उचलून घरी आणले. 'सुद्धा' आणि 'बरी'. रात्रीच्या जेवणात ते दोन शब्द त्यांच्या ताटात होते.

"अहो, जेवा ना. निवलं सगळं," बायको म्हणाली.

"बरी म्हणजे काय गं?"

"काय बरी?"

"ताप उतरला की माणूस बरा होतो. गाडी कशी बरी होते?"

बायकोने त्यांच्या ताटात गरम आमटी वाढली. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर कोणत्या प्रश्नाला उत्तर नसते ते बायकांना कळते.

आता सरळ मार्ग असा होता, की धाकट्यांना विचारायचे, "काय हो, गाडीला काय केलंत?" धाकट्यांनी सगळे सांगितले असते. चहा पाजून सांगितले असते. त्या माणसाला लपवता काही येत नाही. हाच त्याचा मोठा दुर्गुण. पण विचारायचे म्हणजे आपले लक्ष गेले हे कबूल करायचे. थोरल्यांच्या मते त्यांचे लक्ष गेलेच नव्हते. त्यामुळे पुढच्या रविवारी, बायकोची शिवणकामाची टेप खिशात घालून, लक्ष गेलेले नसलेले थोरले जावई सगळे आत गप्पा मारत असताना अंगणात आले आणि साडूच्या गाडीची रुंदी मोजायला खाली बसले.

पुढची बाजू मोजून झाली. मागची मोजताना टेपचे एक टोक टायरखाली अडकले. ते काढण्यासाठी ते ओणवे झाले, आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

"साडूभाऊ, काय शोधताय?"

"बटण," थोरले म्हणाले. माणूस ओणवा असला की पहिली सुचेल ती थाप मारतो. "शर्टाचं बटण पडलं."

दुसरा एखादा म्हणाला असता, जाऊ द्या हो एक बटण. पण धाकटे तसले नव्हते. इस्त्रीच्या कपड्यांसकट ते गाडीखाली पालथे पडले. आतून मेहुणी बॅटरी घेऊन आली. मागून बायको आली. तिने टेप ओळखली आणि काही न बोलता पदरात घेतली. असल्या वेळी तिचा स्वभाव फार चांगला. शेवटी सासरे आले आणि म्हणाले, "कुणाचं पडलंय?"

मेहुणीने थोरल्यांकडे वरून खाली नीट पाहिले. "भाऊजी, तुमची तर सगळी जागेवर आहेत."

"ते... आत एक जास्तीचं लावलेलं असतं ना, ते."

मेहुणीने शर्टाचा खालचा काठ उलटून पाहिला. "तेही आहे की."

"मग दुसऱ्या कुणाचं असेल," थोरले म्हणाले आणि मोठ्या डौलात आत गेले. धाकटे मात्र आणखी बराच वेळ गाडीखाली होते. न जाणो, खरेच कुणाचे असले तर.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी ती बातमी सांगितली. बस आगाराची नवी इमारत झाली होती आणि जुन्या चालकांचा सत्कार ठरला होता. बरोबरीचे सगळे येणार होते. त्यातले काही जण तर निवृत्तीनंतर प्रथमच दिसणार होते. "मला न्यायला कोण येणार ते तुम्ही दोघं ठरवा," सासरे म्हणाले.

"आमच्याच गाडीनं जाऊ की," मेहुणी म्हणाली. "बाबांना आवडते ती."

"बाबांना मी नेणार," थोरले म्हणाले. आवाज जरा चढला. "थोरला जावई मी आहे."

धाकटे म्हणाले, "अगदी बरोबर! तुमचाच मान." आणि त्यामुळे थोरल्यांना आणखीच राग आला. भांडायला तयार होऊन आलेल्या माणसाला असे मोकळ्या हाताने परत पाठवणे म्हणजे अपमानच की.

पण आता दोरी गळ्यात पडली होती. जन्मभर बस चालवलेला माणूस, आयुष्यभराच्या सोबत्यांसमोर, आगाराच्या दारात उतरणार. आणि उतरणार कशातून, तर 'बऱ्या' गाडीतून. आणि पाठीमागून ती जागा धरून उभी राहणारी गाडी येणार. साडूने चाकांमागे स्पेसर बसवलेत हे टेपने त्यांना सांगितलेच होते. थोरल्यांनी ठरवले, सत्काराच्या आत चकत्या बसल्याच पाहिजेत. आणि त्या साडूच्यापेक्षा दोन रेघा जाड पाहिजेत.

घरी त्यांनी टेबलावर कागद पसरला. साडूच्या गाडीची रुंदी, आपल्या गाडीची रुंदी, वजाबाकी, अधिक दोन रेघा. आलेल्या आकड्याखाली त्यांनी दुहेरी रेघ मारली. बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिने मान वाकडी करून पाहिले.

"एवढी जाड? चाक आहे की पाट?"

"तुला यातलं कळायचं नाही. हा फरक आहे दोन गाड्यांतला."

"दोन्ही बाजूंचा मिळून?"

"अर्थात."

"मग एका चाकाला सगळा कशाला लावताय? कंबर सैल करायची तर दोन्ही शिवणींत वाटून सोडतात."

थोरल्यांनी कागदाकडे पाहिले, मग खिडकीबाहेर पाहिले. "तेच करणार होतो," ते म्हणाले. "तू मध्येच बोललीस."

नकाशे काढणारा माणूस कायद्याचा. चकत्या आणण्यापूर्वी परवानगी काढावी म्हणून थोरले वाहनांच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून खिडकीतून म्हणाला, "काय बदललंय? रंग, इंजिन की मालक?"

"चाकं थोडी बाहेर येणार आहेत."

"अपघात?"

"नाही. हौस."

"हौशीला रकाना नाही. साहेबांना भेटा."

साहेब स्वतः गाडी बघायला खाली आले. गाडीभोवती फिरले. "चाकं तर आतच आहेत."

"आधी परवानगी, मग बाहेर काढणार."

"तसं कसं चालेल? बघितल्याशिवाय परवानगी कशाला देऊ? आधी बाहेर काढा, आणा, मग मी बघून सांगतो काढायची की नाही."

"आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

"तर विनापरवानगी काढली म्हणून दंड." साहेबांनी मग थोरल्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांना दया आली. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "हे बघा, चाक मडगार्डच्या आत राहू द्या. आत राहिलं तर मला दिसणार नाही. मला दिसलं नाही तर मी विचारणार नाही."

थोरले परत आले ते वेगळाच काटा घेऊन. साडूने ही परवानगी कशी मिळवली असेल? कुणाकुणाशी ओळखी असतील त्याच्या? प्रत्यक्षात साडूने कुणालाच काही विचारले नव्हते. पण ज्याच्यावर आपण जळतो त्याच्या अंगी आपण फुकटात पुष्कळ गुण चिकटवतो, त्यातलाच हा एक.

सोसायटीच्या चिटणिसांना वास लागला. हे चिटणीस शेजारच्याच दारातले. "स्पेसर? माझ्या मेव्हण्याच्या मित्रानं बसवले होते," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, चाक पुढे गेलं आणि गाडी मागे राहिली." एवढे बोलून ते मोठ्याने हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण तुम्ही बसवा. माणसाला काहीतरी छंद हवा."

शेवटी गाडी गॅरेजात गेली. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो स्वतःच स्वतःला तसे म्हणवून घेई. त्याच्या अंगावर पांढरा कोट होता. पांढरा म्हणजे एके काळचा. स्वतःच्या हुशारीवर त्याचा अतोनात जीव.

"पेशंटला कधीपासून त्रास आहे?"

"त्रास नाही. जरा दिसायला..."

"म्हणजे सौंदर्यासाठी. ठीक आहे. सामान आणलंय?"

थोरल्यांनी पिशवीतून चकत्या काढल्या. आदल्या दिवशी त्यांनी त्या घरी रंगवल्या होत्या. चंदेरी रंग, झटकन वाळणारा, आणि नकाशाचा बारीक ब्रश. वरून, खालून, कडेने, कुठे एक केस चिकटलेला नाही. चाक बसल्यावर यातले काही दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पण जन्मभर जमिनीखालचे नळ रंगवलेल्या माणसाला ही अडचण वाटत नाही. शिवाय कधी चाक काढायची वेळ आली आणि नेमका साडू शेजारी उभा असला तर?

डॉक्टर किंचाळलाच. "हा मेकअप कुणी केला?"

"का? छान आहे की."

"छान आहे! अहो, धातूला धातू भिडला पाहिजे. मध्ये रंग ठेवला की वजनाखाली तो दबतो, त्याचा चुरा होतो, आणि आपण जे आवळलेलं असतं ते सैल पडतं. हे ऑपरेशन आहे, लग्नाचा मांडव नाही!" आणि तारेचा ब्रश घेऊन त्याने थोरल्यांच्या डोळ्यांदेखत सगळी चंदेरी घासून काढली. हबची तोंडे गंजली होती, तीही चकाकेपर्यंत घासली. घासता घासता तो अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असे बोलत होता. मधली कडी हबवर घट्ट बसली पाहिजे, चकती हलता कामा नये. बोल्ट लांब घेतले पाहिजेत, जुन्या बोल्टला चार आटे पकडायला मिळाले म्हणजे झालं असं नाही. नट आधी हातानं फिरवायचे, मग समोरासमोरचे आवळायचे, एका ओळीत नाही. "आणि थोडं अंतर चालवून परत यायचं. नट पुन्हा तपासून आवळतो. टाके बघायला येतात ना, तसं. आलं नाही तर माझी जबाबदारी संपली."

तेवढ्यात डॉक्टरचा फोन वाजला. कुणाचा तरी पेशंट भर रस्त्यात बंद पडला होता. डॉक्टर त्याला शिव्या घालायला दाराशी गेला. थोरले एकटे राहिले. समोर शेवटची चकती पडली होती, उघडीबोडकी, ओरखड्यांची. त्यांना ती बघवेना. ब्रश खिशातच होता, रंगाची डबी पिशवीत. एक हात, पातळसा, फक्त एकाच बाजूने. रंगाचा वास त्या गॅरेजात कुणाला येणार? चकती त्यांनी रंगाची बाजू खाली करून ठेवून दिली, वर्तमानपत्रावर. डॉक्टर फोन खांद्यात धरून बोलत बोलतच आला, उजव्या हाताने चकती उचलून त्याने जागेवर बसवली, आणि टकटक करणाऱ्या पान्याने नट आवळले. पुरेसे आवळले की तो पाना 'टक्' असा आवाज करी. थोरल्यांना तो आवाज फार आवडला.

चाके बाहेर आली. मडगार्डच्या आत, पण अगदी उंबऱ्यावर. थोरले रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आपल्या गाडीकडे पाहिले. मनातल्या मनात साडूची गाडी तिच्याशेजारी लावली. मग काढून टाकली. तिची गरज नव्हती.

घरी आल्यावर नवी भानगड. सोसायटीत प्रत्येक गाडीला जमिनीवर पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. थोरल्यांची गाडी त्यांच्यात अशी चपखल बसायची की चिटणीस पाहुण्यांना ती दाखवत. आता उजवा टायर चिटणिसांच्या बाजूच्या रेघेवर.

"तुमची गाडी फुगली आहे," चिटणीस म्हणाले.

"जागा धरून उभी आहे."

"धरली आहे, पण माझी." ते विचारात पडले. "असं करा ना, एका बाजूच्या चकत्या काढून टाका. निम्मी हौस तुमची, निम्मी सोय माझी."

थोरल्यांनी गाडीवर कापड ओढले आणि बोलणे संपवले. सत्कारापर्यंत ती कुणाला दिसायला नको होती. कारण चिटणिसांच्या खिडक्या धाकट्यांनी बसवल्या होत्या, आणि चिटणीस बोलके होते. याच कारणाने डॉक्टरकडे टाके दाखवायला जायचेही अवघड झाले. गॅरेजचा रस्ता धाकट्यांच्या दुकानावरून जात होता, आणि दुकानाला अर्थातच मोठमोठ्या काचा होत्या; त्या दिवशी येताना ते बंद होते हे नशीब.

थोडे अंतर चालवायचे होते, ते थोरल्यांनी सोसायटीच्या आतच चालवले. इमारतीला फेरी, मग दुसरी, मग तिसरी. बाकावर बसणारे निवृत्त गृहस्थ प्रत्येक फेरीला हात वर करत. पाचव्या फेरीला त्यांनी गाडी थांबवली. "क्लच हळू सोडा," ते म्हणाले. "घाबरायचं नाही. या वयातही येते गाडी शिकता." गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई ओरडली, "काही हरवलंय का हो?" थोरले पुढे बघून गाडी चालवत राहिले. त्यांना गरगरायला लागले तेव्हा त्यांनी अंतर झाले असे समजून डॉक्टरला फोन लावला.

"मग या," डॉक्टर म्हणाला.

"कशाला? पेशंट ठणठणीत आहे."

"मरणारे सगळे आदल्या दिवशी ठणठणीतच असतात. या म्हणतो ना!"

थोरले म्हणाले, सत्कार झाला की येतो.

सत्काराच्या सकाळी त्यांनी सासऱ्यांच्या अंगणात गाडी अशी लावली, की घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला पहिली तीच दिसावी. धाकट्यांची गाडी आधीच आलेली होती. सासरे बाहेर आले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर जपून ठेवलेली चालकाची टोपी. काठी टेकत ते पायऱ्या उतरले, थबकले, आणि चष्मा वर करून म्हणाले, "अरे! ही कुणाची?"

"माझी, बाबा."

"वा," सासरे म्हणाले. "वा!"

थोरल्यांच्या छातीत काहीतरी फुलले. आता त्यांना फक्त एक गोष्ट बघायची होती: साडूचा चेहरा. धाकटे गाडीभोवती फिरत होते. खाली वाकले, चाकाकडे पाहिले, उठले, आणि त्यांच्या तोंडावर नुसता आनंद ओसंडत होता.

"साडूभाऊ, झकास! काय दिसतेय गाडी! माझ्यापेक्षा भारी झाली की हो!"

थोरल्यांनी तो चेहरा नीट तपासला. कुठे एखादी आठी, एखादे खोटे हसू, काही म्हणून काही नाही. माणसाला साधे जळताही येऊ नये? इतकी खटपट काय याच्या आनंदासाठी केली? आणि मग त्यांना उमगले की हा माणूस रात्री आडवा झाला की लगेच झोपत असणार. तेवढ्यासाठीही त्यांना त्याचा हेवा वाटला.

दोघी बहिणी गप्पा मारायच्या म्हणून धाकट्यांच्या गाडीत बसल्या. सासरे थोरल्यांच्या शेजारी. गाड्या निघाल्या, पुढे थोरले, मागे धाकटे. हा क्रमही थोरल्यांना योग्य वाटला.

सासरे थोडा वेळ रस्त्याबद्दल बोलले. मग त्यांची मान छातीवर आली आणि टोपी पुढे झुकली. थोरले खुशीत होते. आगार जवळ आले, आता एक वळण आणि मग पूल. तेवढ्यात मागून आवाज आला.

खुट्.

खडा असेल, थोरले म्हणाले. मनात.

खुट्, खुट्.

खडा अडकला असेल. पडेल.

वळण घेताना तो आवाज वाढला, डाव्या मागच्या बाजूने, चाकाच्या फिरण्याबरोबर, नेमाने. स्टिअरिंग हाताला जरासे वेगळे लागले. डाव्या मागच्या बाजूला कोणती चकती बसली होती हे त्यांना नको इतके स्पष्ट आठवले. रंग खाली करून, वर्तमानपत्रावर ठेवलेली.

पूल दिसत होता. पुलापलीकडे आगाराची नवी इमारत, दारातली गर्दी, पताका. एवढेसे तर राहिले. हळू गेले तर पोचू की. पोचलो, सासरे उतरले, सगळ्यांनी पाहिले, की मग चाक निखळून पार नदीत गेले तरी चालेल. आणि थांबायचे म्हणजे काय? मागे साडू. साडू थांबणार, उतरणार, विचारणार. बायका उतरणार. सत्काराच्या दिवशी, भर रस्त्यात, स्वतःच्या हाताने रंगवलेली चकती सगळ्यांसमोर निघणार.

त्यांनी शेजारी पाहिले. सासऱ्यांचे तोंड किंचित उघडे होते. हात मांडीवर, मोकळे. जन्मभर कुणाकुणाला घरी पोचवलेला माणूस आज दुसऱ्याच्या भरवशावर झोपला होता.

थोरल्यांनी डावीकडचा दिवा लावला आणि पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली.

धाकटे उतरून आले ते काही न विचारता. चाकाला हात लावला, हलवून पाहिले, आणि ते परत आपल्या गाडीकडे गेले. डिकीतून त्यांनी जॅक काढला, आणि कापडात गुंडाळलेला एक पाना. टक् करणारा. डॉक्टरकडे होता त्याच्याहून चांगला. संकटात असलेल्या माणसाने काही गोष्टी बघायच्याच नसतात, पण थोरल्यांनी तो बघितला.

चाक निघाले. नट बोटाने फिरत होते. चकती सुटून आली तेव्हा तिच्या मागून चंदेरी चुरा धाकट्यांच्या बोटांवर सांडला.

"हा रंग कुणी लावला?"

थोरल्यांनी पुलाकडे पाहिले, आगाराकडे पाहिले. "मी."

"आत? कशाला?"

"छान दिसावी म्हणून."

"कुणाला?"

बायकोने तोंडाला पदर लावला. धाकटे मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातला स्वच्छ रुमाल काढला, हत्यारांच्या पेटीतली पाती काढली, आणि रस्त्यावर मांडी घालून चकती खरवडायला बसले. "मी तर हबवरचा गंजसुद्धा पुसला नव्हता पहिल्यांदा," ते म्हणाले. "स्टिअरिंग असं थरथरायचं की हिला वाटलं, मलाच काहीतरी झालंय. मला वैद्याकडे घेऊन गेली."

"औषधसुद्धा दिलं त्यांनी," मेहुणी म्हणाली. "यांनी घेतलंसुद्धा."

थोरलेही मांडी घालून बसले. एकाने खरवडले, दुसऱ्याने पुसले. चकती हबवर बसली, चाक बसले, नट हाताने फिरले, आणि समोरासमोरचे आवळले गेले. थोरल्यांनी स्वतः पाना धरला. टक्. टक्. मग बाकीची चाकेही तपासली. धाकटे उठून कपडे झटकत म्हणाले, "आता भागेल काम. तरी ही मी हळूहळू आणतो, कार्यक्रम झाला की सरळ गॅरेजात नेऊ. बाबा, तुम्ही आमच्या गाडीत बसा."

झाले. थोरल्यांनी पाना कापडात गुंडाळून परत दिला. एवढे सगळे केले आणि शेवटी म्हातारा त्याच गाडीतून उतरणार. त्यांना ते समजत होते, पटतही होते, आणि म्हणूनच जास्त लागत होते.

सासरे केव्हाच जागे होऊन काठीवर रेलून सगळे बघत होते. ते धाकट्यांच्या गाडीत पुढे जाऊन बसले. धाकटे थोरल्यांच्या गाडीकडे वळणार तोच सासऱ्यांनी काच खाली केली.

"आणि ही कोण चालवणार?"

"हवं तर मीच चालवतो बाबा," धाकटे म्हणाले. "ती साडूभाऊ आणतील."

"तुम्ही नको," सासरे म्हणाले. "तुम्ही चालवलीत की मी इकडे बसून पायानं ब्रेक दाबतो. दोन दिवस पोटऱ्या धरतात. थोरल्यांना बसू द्या. त्यांच्या शेजारी मला डोळा लागतो. दुसऱ्याच्या हाती मला कधी झोप आली आहे का, विचारा या पोरींना."

दोघी बहिणींनी माना डोलावल्या. धाकटे मोठ्याने हसले, किल्ली थोरल्यांच्या हातात दिली, आणि दोघी बहिणींना घेऊन थोरल्यांच्या गाडीत जाऊन बसले.

थोरले साडूच्या गाडीत बसले. त्यांनी आरसा आपल्यासारखा केला, आसन पुढे घेतले. गाडी लोण्यासारखी सुटली. शेजारी सासऱ्यांची मान पुन्हा खाली गेली. पुलावर वारा होता, समोर पताका, दारात म्हाताऱ्या चालकांची रांग, त्यातल्या एकाने हातही वर केला. जगात याहून जास्त मागण्यासारखे काही नव्हते. थोरल्यांनी सहज आरशात पाहिले.

मागून एक गाडी येत होती. सावकाश, रुंद, रस्त्याच्या मधोमध, कुणाला बाजू द्यायची सवयच नसल्यासारखी. चाकांवर ऊन चमकत होते. आत बसलेली माणसे हसत होती, आणि चालवणारा एक हात खिडकीवर टाकून असा रेलला होता, जणू तो त्याच गाडीत जन्मला. क्षणभर थोरल्यांना कळलेच नाही कुणाची. मग कळले. आपली गाडी समोरून येताना कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

त्यांच्या पोटात दुखायला लागले.

"सारखं आरशात काय बघताय?" सासरे डोळे न उघडता म्हणाले. "कोण आहे मागं?"

"आहे एक," थोरले म्हणाले. "एकेकाचं नशीब असतं, बाबा."